तेरा बटणांचा डबा

मित्रांनो, माझ्या झाकणाला तेरा भोकं आहेत आणि प्रत्येक भोकातून एक बटण वर आलेलं आहे. बाजूला वाटोळी जाळी आहे, तिच्यामागे एक छोटा स्पीकर आहे. एवढं वगळलं तर मी स्टीलचा एक जुना, चपटा डबा आहे. माझ्या बुडावर बारीक ठिपक्यांनी नाव घातलेलं आहे : 'चि. मनोहर यास, आईकडून. १९७०'. बार्शीच्या भांड्यांच्या दुकानात एका माणसाने छिन्नी आणि हातोडीने ते पाच मिनिटांत ठोकलं. ते ठोके मला लागले होते. त्यानंतर मला फारसं काही लागत नाही. जे झालं ते मी क्रमाने सांगू शकतो, इतकंच.

माझ्यात शेंगदाण्याची चटणी भरून आईने मला मनोहरच्या बॅगेत ठेवलं. तो तेवीस वर्षांचा होता, पुण्याहून इंजिनिअर होऊन मिनिॲपोलिसच्या विद्यापीठात शिकायला निघाला होता. तेव्हापासून मी त्याला ओळखतो, म्हणून मी त्याला अजून एकेरीच म्हणतो. चटणी तीन आठवड्यांत संपली. मी वर्षभर कपाटात रिकामा होतो.

आता माझा दुसरा जन्म कसा झाला ते सांगतो. मनोहरच्या घरी फोन नव्हता. समोरच्या अरुण वकिलांकडे होता. वकिलांच्या नंबरापुढे कंसात 'पीपी' लिहून तोच नंबर सगळी गल्ली आपला म्हणून देत असे. फोन आला की वकील खिडकीतून हाक मारत. मग आई हातातलं काम ठेवायची, जिना उतरायची, रस्ता ओलांडायची आणि वकिलांच्या पायऱ्या चढायची. तिचे गुडघे दुखत. या सगळ्याला चार मिनिटं लागत, आणि मनोहरला दोन महिन्यांतून एकदा परवडायचा तो फोन तीन मिनिटांचा असे. पहिल्या वर्षात त्याने सहा वेळा फोन केला. सहाही वेळा त्याने तीन मिनिटं वकिलांच्या घरातलं घड्याळ ऐकलं.

त्याला बोलायला जास्त वेळ नको होता. त्याला ती येईपर्यंत थांबायला वेळ हवा होता.

त्या काळी लांबच्या फोनची लाइन मोकळी आहे की नाही, हे यंत्रं एकमेकांना सुरांनी सांगत. लाइन मोकळी असली की एक सूर वाजत राहायचा, सेकंदाला दोन हजार सहाशे कंपनांचा. गंमत अशी, की माणसं ज्या तारेवरून बोलत तिच्यावरूनच हा सूर जायचा. त्यामुळे बोलणाऱ्याने आपल्या बाजूने तोच सूर वाजवला, तर पलीकडचं यंत्र फसायचं. खट् असा आवाज यायचा आणि लाइन गप्प होऊन पुढच्या हुकमाची वाट बघायची. मग दोन-दोन सूर एकत्र वाजवून हवा तो नंबर फुकटात लावता येई. हे ज्यांना कळलं होतं अशी बरीच मुलं अमेरिकेत होती. काही अंध होती आणि त्यांचे कान फार तयार होते. कुणी नुसत्या शिट्टीने तो सूर लावत, कुणी नाश्त्याच्या खोक्यातून मिळालेल्या खेळण्यातल्या शिट्टीने. बाकीच्यांनी घरी यंत्रं जुळवली. त्या यंत्रांना ब्लू बॉक्स म्हणत. मी निळा नाही.

मनोहरने सगळ्या सुरांचे आकडे विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून मिळवले. ते टेलिफोनवाल्यांच्याच एका तांत्रिक नियतकालिकात छापलेले होते. त्याने माझ्या झाकणाला ड्रिलने तेरा भोकं पाडली : दहा आकडे, एक सुरुवातीचं, एक शेवटाचं आणि एक त्या मोठ्या सुराचं. आत सर्किट बसवलं, नऊ व्होल्टची बॅटरी लावली. स्पीकरही तेव्हाच आला. स्पीकर उलट्या दिशेने थोडाफार मायक्रोफोनसारखं काम करतो. मी तेव्हापासून ऐकतो आहे.

त्याचा रूममेट सत्यजित नागपूरचा होता. त्याने मला उलटं करून बुडावरचं नाव वाचलं आणि म्हणाला, "यार, चोरीच्या यंत्रावर स्वतःचं नाव घालून ठेवणारा चोर मी पहिल्यांदाच बघतोय."

तो बरोबर बोलला. मी चोरीचं यंत्र होतो. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही.

१९७२ हे माझं कामाचं वर्ष. दर रविवारी सकाळी साडेआठला मनोहर मला कोटाच्या खिशात घालून प्रयोगशाळेच्या इमारतीत जायचा. तिथल्या कॉरिडॉरमध्ये भिंतीवर फोन होता. तेव्हा बार्शीला संध्याकाळचे आठ वाजलेले असत. तो माझी जाळी फोनच्या तोंडाशी धरायचा, मी सूर लावायचो, खट् व्हायचं, आणि मग आम्ही दोघं मिळून मुंबईच्या ऑपरेटरपर्यंत पोहोचायचो. तिला तो इंग्रजीत सांगायचा, की मी मिनिॲपोलिसचा ऑपरेटर बोलतोय, बार्शी जोडून द्या. पहिले दोन महिने तिने काही न बोलता जोडून दिलं. एका रविवारी तिने स्वच्छ मराठीत विचारलं, "मिनिॲपोलिसच्या ऑपरेटरांना बार्शीचा उच्चार इतका छान कोण शिकवतं हो?" मनोहरने मला घाईने कोटाच्या खिशात लपवलं. ती म्हणाली, "थांबा, जोडते." तिचं नाव आम्हाला कधी कळलं नाही.

मग वकिलांची हाक ऐकू यायची. मग चार मिनिटं काही नाही. घड्याळ, कुणाचं तरी खोकणं, भांड्यांचा आवाज. मनोहर रिसीव्हर कानाला लावून भिंतीला टेकून उभा असायचा. शेवटी पायऱ्यांवर पावलं वाजायची आणि धाप लागलेल्या आवाजात आई म्हणायची, "आले रे, आले."

दर वेळी पहिले शब्द हेच असायचे. नंतरचं बोलणं साधंच होतं, जेवलास का, थंडी किती आहे. ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

डिसेंबरमध्ये बातमी आली की दुसऱ्या एका विद्यापीठात अशाच डब्यासह एक मुलगा पकडला गेला. मनोहर परदेशी विद्यार्थी होता. पकडला गेला असता तर पदवी हातची गेली असती आणि त्याला परत पाठवलं असतं. त्याने कॉरिडॉरमधला फोन सोडला आणि दोन रस्ते पलीकडच्या, उघड्यावरच्या फोनबूथमध्ये जायला लागला.

जानेवारीतला पहिला रविवार होता. बाहेर उणे चोवीस अंश होते. चालताना मी खिशात होतो, पण बूथमध्ये त्याने मला फोनशेजारच्या लोखंडी फळीवर ठेवलं आणि हातमोजे काढून बराच वेळ बोटं चोळत बसला. मग बटण दाबलं. खट् आलं नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. लाइन नेहमीसारखी चालूच राहिली, जणू मी काही बोललोच नव्हतो. पुढच्या रविवारी पुन्हा तसंच झालं, आणि या वेळी रस्त्याच्या कडेला टेलिफोन कंपनीची व्हॅन उभी होती. आत कुणी नव्हतं. मनोहरने ती पाहिली, मला खिशात कोंबलं आणि तो धावत घरी आला.

कोणीतरी आपली लाइन ऐकतंय आणि आपला सूर अडवतंय, असं त्याने ठरवून टाकलं. त्याला तो पुरावा वाटला. मला माझ्या आतलं खरं कारण माहीत होतं. पण मला फक्त तेरा बटणांपुरतं बोलता येतं.

त्याच दिवशी तो मला मिसिसिपीच्या पुलावर घेऊन गेला. नदी गोठलेली होती, मधे थोडं काळं पाणी वाहत होतं. त्याने मला कठड्यावर धरलं, उलटं केलं, बुडावरचं नाव वाचलं आणि परत खिशात घातलं. आईने घातलेलं नाव त्याच्याने पाण्यात टाकवलं नाही.

त्याने फोन बंद केले. पैसे भरून करायचा तोसुद्धा. आपल्या नावाची कुठे नोंद झाली असेल, अशी त्याला भीती होती. पत्रात कारण लिहिण्याचीही भीती होती, म्हणून त्याने लिहिलं की अभ्यास फार आहे. एप्रिलमध्ये निळ्या हवाई पत्रावर वकिलांचं पत्र आलं. ते त्याने वाचलं, चार घड्या घातल्या, माझं झाकण उघडून बॅटरीखाली ठेवलं आणि झाकण लावलं. त्यानंतर तेहेतीस वर्षं मी अंधारात होतो. काळ कसा गेला हे मला सांगता येणार नाही, कारण बॅटरी उतरली होती.

मित्रांनो, २००६ साल. मनोहर आता एकोणसाठ वर्षांचा, नुकताच निवृत्त झालेला, मिनिॲपोलिसजवळच्या ईडन प्रेरीत एका दुमजली घरात एकटा राहत होता. त्याचे गुडघे दुखायला लागले होते. तळघरातली खोली त्याने वल्लरी नावाच्या मुलीला दिली होती. ती विद्यापीठात भौतिकशास्त्रात संशोधन करत होती आणि त्याला काका म्हणत होती. मे महिन्यात स्क्रू-ड्रायव्हर शोधताना तिला फळीवर मी सापडलो. तिने मला वर आणलं. मनोहर पेपर वाचत होता. त्याने मान वर केली आणि म्हणाला, "ठेव तिथे. चटणीचा डबा आहे."

"काका, चटणीच्या डब्याला तेरा बटणं?"

तिने प्रश्न विचारले आणि त्याने उत्तरं दिली, एखाद्या तोंडी परीक्षेत द्यावीत तशी. सूर, बूथ, व्हॅन, सगळं. आईचं काही सांगितलं नाही. वल्लरीने विचारलं, की मला दुरुस्त करू का. तो म्हणाला, कर.

याच काळात मी त्या घराचा रविवार पाहिला. मनोहरची मुलगी स्वानंदी व्हर्जिनियात, हर्नडनला राहते. ती दर रविवारी सकाळी फोन करायची. मनोहर फोन उचलत नसे. कुणाचाच. त्याची बायको संध्या होती तोवर फोन तीच उचलायची. ती तीन वर्षांपूर्वी गेली. आता चार वेळा घंटी वाजायची आणि निरोप नोंदवून घेणारं मशीन सुरू व्हायचं. मनोहर समोरच्या खुर्चीत बसून मुलीचा निरोप शेवटपर्यंत ऐकायचा आणि सोमवारी तिला व्यवस्थित ईमेल लिहायचा. जूनच्या पहिल्या रविवारी ती मशीनवर म्हणाली, "बाबा, पिक अप ना. आय नो यू आर देअर." मग म्हणाली, "तीन वर्षं मी मशीनशी बोलतेय. आता पुढचे दोन रविवार करीन, मग नाही करणार. ओके? बाय."

मनोहरने पेपरची घडी घातली. वल्लरी ओट्यापाशी चहा गाळत होती. 

मी तेव्हा टेबलावर उघडा पडलो होतो. वल्लरीने पत्र न वाचता बाजूला ठेवलं होतं, नवी बॅटरी लावली होती आणि बटणांखालचा गंज पुसला होता. तिने प्रयोगशाळेतून आणलेल्या फ्रिक्वेन्सी काउंटरवर पाहत एक छोटा स्क्रू फिरवून माझा सूर बरोबर दोन हजार सहाशेवर आणला. पण तिच्या मनात एक गोष्ट अडकली होती. कोणी लाइन चोरून ऐकत असतं, तर त्याने सूर अडवला का असता? त्याने उलट बोलू दिलं असतं आणि टेप केलं असतं. मग खट् का आलं नाही?

तिने मला घरातल्या फ्रीजरमध्ये ठेवलं, मटारच्या पिशवीवर. दोन वायरी दाराच्या फटीतून बाहेर काढल्या आणि दर पाच मिनिटांनी आकडे लिहिले. बावीस अंशाला दोन हजार सहाशे. शून्याला दोन हजार पाचशे एकाहत्तर. उणे अठराला दोन हजार पाचशे अठ्ठेचाळीस. लाइनची यंत्रं पंधरावीस कंपनांचा फरक चालवून घेत, त्याहून जास्त नाही. माझ्यातले कपॅसिटर स्वस्तातले होते, आणि माझं अंग स्टीलचं. स्टील थंडी फार लवकर आत नेतं. प्लास्टिकच्या डब्याने कदाचित अजून काही मिनिटं तग धरला असता.

तिने आलेख काढला. रेषा सुंदर सरळ आली होती. ती कागद घेऊन मनोहरसमोर उभी राहिली आणि तिच्या आवाजात आनंद होता. चांगला निकाल हाती आल्यावर तुम्हालाही होईल तसाच.

"काका, कोणीच ऐकत नव्हतं. इट वॉज जस्ट कोल्ड. तुम्ही डबा फक्त दोन मिनिटं हातात धरला असता ना, तर फोन लागला असता."

मनोहरने कागद बराच वेळ पाहिला. मग तो म्हणाला, "आडव्या अक्षावर एकक लिहायचं राहिलंय."

तिने पेन घेऊन अंश सेल्सिअस लिहिलं. तेव्हा त्याने बाजूला ठेवलेलं निळं पत्र तिच्याकडे सरकवलं. तिने ते उभ्याउभ्याच वाचलं. वकिलांनी लिहिलं होतं, की मनोहरच्या आई हृदयविकाराने गेल्या, त्रास झाला नाही. जानेवारीपासून अकरा रविवार त्या संध्याकाळी आठ ते नऊ आमच्याकडे येऊन बसत. फोन आल्यावर जिना उतरण्यात मनोहरचा वेळ जातो, म्हणून आधीच येऊन बसते, असं म्हणत. चहा घेत नसत. नऊ वाजले की उठत.

वल्लरी खुर्चीवर बसली. म्हणाली, "सॉरी काका. मी आधी वाचायला हवं होतं."

"निकाल बरोबर आहे," मनोहर म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. तो दोन दिवस चहाला खाली आला नाही.

इंटरनेटवर जुन्या टेलिफोनचे शौकीन एकमेकांना लिहीत असतात. तिथे वल्लरीने वाचलं, की मिनेसोटाच्या उत्तरेला एका छोट्या गावाचं एक्स्चेंज अजून जुन्या सुरांवर चालतं आणि येत्या गुरुवारी तेही बदलणार आहे. देशात माझी भाषा समजणारं आणखी कुणी तिला सापडलं नाही. बुधवारी संध्याकाळी तिने भीत भीत विचारलं. मनोहर म्हणाला, बघू या.

तिने स्वयंपाकघरातल्या फोनवरून त्या गावातला एक नंबर लावला. मनोहरने मला उचललं. जून होता, घरात चोवीस अंश होते, तरी त्याने मला दोन्ही तळव्यांत धरून ठेवलं. पूर्ण दोन मिनिटं. मग जाळी फोनच्या तोंडाशी नेऊन तेरावं बटण दाबलं.

खट्.

लाइन गप्प झाली. पलीकडे कुणीतरी वाट पाहत असल्यासारखी.

वल्लरी हळूच म्हणाली, "काका, आता नंबर लावा ना. तिथले लोकल नंबर लागतात म्हणे."

मनोहरने नंबर लावला नाही. तो भिंतीला टेकून उभा राहिला, रिसीव्हर कानाला लावून. त्याची नजर भिंतीवरच्या घड्याळावर होती.

"थांब," तो म्हणाला. "तिला जिना उतरायला वेळ लागतो."

थोड्याच वेळात पलीकडच्या यंत्राने कंटाळून लाइन सोडून दिली. तो तरी उभाच राहिला. चार मिनिटं झाल्यावर त्याने रिसीव्हर जागेवर ठेवला, मला टेबलावर ठेवलं आणि झाकण नीट लावलं. दुसऱ्या दिवशी ते एक्स्चेंज बदललं. तेव्हापासून मी गाऊ शकतो, पण माझं गाणं समजणारं आमच्या माहितीत कुणी नाही.

मग रविवार आला, स्वानंदीने सांगितलेल्या दोनपैकी शेवटचा. मनोहर मागच्या अंगणात टोमॅटोला पाणी घालत होता. वल्लरी पायऱ्यांवर बसून वाचत होती, पण पान उलटत नव्हती. मी टेबलावर होतो, उघड्या दारासमोर. घंटी वाजली. मनोहरने पाण्याचा नळ बंद केला. दुसरी घंटी. तो पायऱ्यांकडे निघाला. तिसरी. एक हात कठड्यावर, एक पाय वर, मग दुसरा पाय त्याच पायरीवर. वल्लरी बाजूला सरकली, पण फोन घ्यायला उठली नाही. चौथी घंटी झाली आणि मशीन सुरू झालं.

"बाबा, स्वानंदी. हं. मी म्हटलं होतं तसा हा शेवटचा. मी रागावलेली नाहीये, रिअली. फक्त थकलेय. तुम्ही ईमेल करा, मी उत्तर देईन. तब्येत सांभाळा. ओके, मग... बाय बा—"

मनोहर आत आला होता. गुडघ्यावर हात ठेवून त्याने रिसीव्हर उचलला. त्याला धाप लागली होती.

"आलो गं," तो म्हणाला, "आलो."

पलीकडून बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मनोहर थांबला. थांबणं त्याला येतं.

मित्रांनो, त्यांचं पुढचं बोलणं साधंच होतं, म्हणून ते मी सांगत नाही. मी अजून त्या टेबलावर आहे. माझ्यात आता निळं पत्र आहे आणि वल्लरीचा आलेख आहे, एकक लिहिलेला. माझी विनंती लहानशी आहे. हातातलं काही बंद पडलं, तर कुणी ते मुद्दाम बंद पाडलं असं धरून चालू नका. आधी ते तळव्यांत धरून ऊब द्या आणि पुन्हा एकदा बटण दाबून बघा. आणि तरीही नाहीच लागलं, तर पलीकडे जे कुणी आधीच येऊन बसलं असेल, त्याला कसंही करून तेवढं कळवा. नऊ वाजेपर्यंत बसवून ठेवू नका.